रामाने बिगूल का उतरवला

पहिल्या महायुद्धात आमची कंपनी मेसोपोटेमियात तैग्रिस नदीकाठी होती. माझ्या सेक्शनमध्ये माझ्याच मुलखातले, कोकणातल्या तळे गावाकडचे दोन जवान होते, गोपाळ कदम आणि रामा मोरे. मी तेव्हा नाईक होतो. सकाळी स्टँड-टू, म्हणजे खंदकात रायफल रोखून पहारा, मग रायफल सफाई, मग पाणी भरणं. गोळीबार शांत असला की संध्याकाळी वाळूत रेघ ओढून हुतूतू. गोपाळचा, आमच्या गोपूचा, दम इतका लांब, की समोरचे गडी कंटाळत. "अरे, मर की एकदाचा!" असं रामा ओरडायचा आणि सगळी कंपनी हसायची.

एका पहाटे समोरच्या खजुरीच्या बागेपर्यंत जायचा हुकूम आला. मी म्हणालो, "कदम, पुढे."

"जी."

तो बागेपर्यंत पोचला नाही. रामाने आणि मी त्याला तिथेच मूठमाती दिली. त्याच्या खांद्यावरचा बिल्ला, छोटा पितळी बिगूल, मी काढून घेतला. बिगूल ही आमच्या पलटणीची खूण.

रजेवर आलो तेव्हा तो बिगूल गोपूच्या आईच्या, भागीकाकीच्या हातात दिला. सरकारी तार तिला आधीच आली होती. तारेवर तिचा विश्वास नव्हता.

"धोंड्या, तू त्याला मेलेला बघितलास? डोळ्यांनी?"

"न्हाय, काकी."

हो म्हटलं, तर त्याला पुढे मीच धाडला होता हेही निघेल, याची भीती. तिने बिगूल काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि मुलाची वाट पाहत राहिली. पितृपक्षात तिच्या घरी गोपूचं पान मांडलं जात नसे. जित्या माणसाचं पान कोण मांडणार?

लढाईनंतरची पलटणीच्या डेपोतली वर्षं सुखाची गेली. रामा कंपनीच्या हुतूतू टीमचा कॅप्टन होता. टीमचा पांढरा गंजीफ्रॉक, गळ्याला हिरवी पट्टी, छातीवर लाल धाग्याचा बिगूल. तो अंगात असला की मैदानाबाहेरही आमची चाल बदलायची. मी हवालदार होऊन पेन्शनीवर आलो, मागोमाग रामाही आला. आम्ही पेन्शनरांची टीम उभी केली. गंजीफ्रॉक श्रीवर्धनचे शिंपी इब्राहिमचाचा यांनी शिवले. नमुना उलटासुलटा करून ते म्हणाले, "हवालदारसाब, ह्यो बिगूल हाय का हुक्का? तोंड कुठल्या बाजूला?"

रामा म्हणाला, "चाचा, जिकडून फुंकाल तिकडं."

मिठाच्या सत्याग्रहानंतरचे ते दिवस. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर सामने होते. आम्ही वाळूत उतरलो आणि पोरांचा गलका सुरू झाला. "आले रं आले, सरकारचे शिंगाडे आले!" त्या बिगुलात आम्हाला आमची पलटण दिसत होती, त्यांना गोरा साहेब दिसत होता. रामाने हसून छाती पुढे काढली. "शिंगं हायत, जरा लांब उभे ऱ्हावा!" लोकही हसले. त्याला त्या बिल्ल्याची लाज कधीच वाटली नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

भागीकाकी धाकट्या मुलाबरोबर आली होती आणि रेषेबाहेर राखीव बसलेल्या माझ्या शेजारी बसली होती. आमच्या छातीवरची खूण तिने लगेच ओळखली. गळ्यातला बिगूल मुठीत धरून ती खेळ पाहू लागली. रामा चढाईवर गेला, चौघांनी त्याला धरला. पंच ओरडले, "मेला!"

काकी दचकून उभी राहिली. "शिंगवाला मेला?"

"काकी, खेळातलं मरणं ते. आपण त्यांचा एक मारला की आपला उठतो."

तेवढ्यात आमच्या गड्याने त्यांचा एक मारला. पंच म्हणाले, "मोरे, उठा!" रामा वाळू झटकत उठला.

काकीने माझ्याकडे पाहिलं. "मग माझा गोपू कधी उठायचा?"

रामा रेषेजवळच होता. त्याची वाडी खाडीपलीकडची, काकीशी त्याची गाठ क्वचितच पडे. मी तिला सगळं सांगितलं आहे असं तो धरून चालला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तो खेळ सोडून आला आणि तिच्यासमोर बसला. "काकी, गोपू उठायचा न्हाय. ह्या नाईकानं आन म्या हातानं माती दिली त्याला."

तिने मूठ उघडून गळ्यातल्या बिगुलाकडे पाहिलं. मग रामाच्या छातीवरच्या लाल बिगुलावर तिने बोटं ठेवली. रामाने गंजीफ्रॉक उतरवला, तिच्या ओटीत ठेवला आणि उघड्या अंगाने खेळायला परत गेला.

लांबच्या लोकांना एवढंच दिसलं, की शिपायाने सरकारी बिल्ला उतरवला. पोरांनी जयजयकार केला. आमचे पेन्शनर म्हणाले, "टाळ्यांसाठी पलटण विकली. भ्याला." मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." खरं सांगितलं असतं, तर काकीला दिलेलं खोटं उत्तरही सांगावं लागलं असतं. भागीकाकीला कोणी विचारलंच नाही. रामानेही कधी खुलासा केला नाही. हवालदार बोलला नाही, तर शिपायाने बोलायचं नाही, अशी त्याची शिस्त.

त्या वर्षी पितृपक्षात गोपूचं पान पहिल्यांदा मांडलं गेलं. इतकी वर्षं तो माझ्यामुळे उपाशी होता. काकीने रामाला जेवायला बोलावलं आणि मलाही. रामा गेला, मी गेलो नाही.

काही वर्षांनी रामा तापाने वारला. पेन्शनरांपैकी एकानेही त्याला खांदा दिला नाही. मीही नाही.

परवा गावच्या मंडळाची मुलं आली. कबड्डीच्या जर्सीवर त्यांना बिगूल लावायचा आहे. एकाने विचारलं, "आबा, घाबरून बिल्ला फाडणारा तो तुमच्याच सेक्शनचा ना?"

पोरांनो, बिल्ला फाटला नव्हता. रामा घाबरला नव्हता. घाबरलो होतो मी.

शिपाई गोपाळ कदम नदीकाठी पडला. शिपाई रामा मोरे गावात पडला. रामाच्या मागे कोणी नाही, भागीकाकी गेली, तिचा धाकटाही गेला, त्यांचं घर आता बंद आहे. पितृपक्षात माझी सून आमच्या वाडवडिलांची पानं वाढते. त्यांच्या शेजारी दोन पानं मी स्वतः वाढतो.