क्लेमच्या टायमाले मालक घरी लागते काय

शीट फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या पोट्टीले, पिहूले, कडेवर घेऊनच ऑफिसात आली. आंधीत शेजारच्या छतावरची रिकामी पाण्याची टाकी उडून आमच्या किचनवर पडली, सिमेंटच्या शीटले हे मोठं भोक, अन् तुकडे कुठं पडले तर पिहू जिथं बसून मुरमुरे खाते तिथंच. ती तेव्हा तिथं नव्हती.

मी चौबे कॉलोनीत एका इन्शुरन्सवाल्या दीदीकडे काम करते. शाळा आठवीपर्यंतच झाली, पण क्लेमचे कागद लावता येतात मले. आमच्या घराची पॉलिसी होम लोनच्या वक्ती बँकेनं काढून देली, यायच्या, म्हणजे पिहूच्या पप्पाच्या नावानं. हे गुजरातले एका प्लांटमध्ये वेल्डर आहेत. दिवाळीपासून घरी आले नाई.

"दीदी, मी क्लेम टाकते."

दीदीनं मोबाईलवर फोटो पायले. "अरे, इसमें क्या मिलेगा? एक्सेस कटके चाय का पैसा नहीं बचेगा."

एक्सेस म्हणजे नुकसानीचा पयला हिस्सा. तो कंपनी देत नाई, आपल्यालेच सोसा लागते. मी रोज कस्टमरले हेच समजावते. तरी म्हटलं, टाकूच.

"पर क्यों?"

"सर्व्हेयर नुकसान पाहाले येईन तर मालक घरी लागन नं? सही लागन."

मोठ्या क्लेममध्ये मी तसंच पायलं होतं. लहान क्लेम आमच्याकडं कोणी टाकतच नाई.

दीदीनं चष्मा काढला. "छोटे क्लेम में सर्वे वीडियो पे हो जाता है रे. ओटीपी वो वहीं से बता देगा. आना नहीं पड़ता."

मी तर मनात यायच्यासाठी भाजीही ठरवून बसली होती.

संध्याकाळी यायचा फोन आला. "टाक नं वं क्लेम. ओटीपी आला का सांगतो मी." खुश होते, सुट्टी मागाचं काम नाई म्हणून. तेवढ्यात हवा सुटली अन् भोकावर बांधलेली ताडपत्री फडफडाले लागली.

"हा कायचा आवाज?"

"ताडपत्री. सर्व्हे होयेपर्यंत शीट बदलता येत नाई, मंग क्लेम पास होत नाई."

"अन् तुमी दोघी तिथंच?"

"हव. मले भेव लागते. पोट्टीले पोटाशी धरून बसून रायते. तुमी या नं."

मंग म्हणे, "क्लेम राहू दे. मीच येऊन बसवतो."

आले. रविवारी शीट बसवली, मी खालून नट-बोल्ट देत होती, पिहू त्यायले अंकल म्हणून राहिली होती. तिनं पप्पा म्हणाच्या आत संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ झाली.

तर नुकसान लहान असन तर क्लेम टाकू नका, एक्सेसमध्येच जाते. हे मी आताही कस्टमरले सांगते.

परवा पुन्हा आंधी आली, पाणीही आलं. मी किचनमध्ये वर पायत उभी राहिली. एक थेंब पडला नाई. इतकं पक्कं बसवाले कोणी सांगितलं होतं यायले.