कुलूपबंद दुपारची फेरी

मृत्यूच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाला आयुष्याचा अर्थ कळतो, असे मोठे लोक सांगतात. मी प्लेगच्या पहिल्या सालात पाच महिने त्या सान्निध्यात काढले. मला फक्त झोप येत असे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. या सदरात लिहिणारे बहुतेकजण हेच सांगून मग पिंपळाकडे वळतात, म्हणून आधीच सांगतो – माझ्या हकिकतीत पिंपळ नाही. भर दुपार आहे, आणि एक कुलूप आहे.

मी तेव्हा हॉस्पिटल असिस्टंट होतो. कल्याणच्या बाहेर, शहाडच्या अंगाला नदीकाठी रोग्यांसाठी एक लांबलचक झोपडी उभारली होती. बावीस खाटा, मध्ये गोणपाटाचा पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. लिहितावाचता येणारा मी एकटाच. बाकी सगळे काम सखूबाई पाहायची. ती शहाडचीच, पन्नाशीची, विधवा. रोग्यांना पाणी पाजणे, पुसणे, आणि मला जेवायची आठवण करणे ही तिची कामे. तिसरे तिने स्वतःहून घेतले होते.

वरून एकदा परिपत्रक आले. सेवकांनी चित्त प्रसन्न ठेवावे, चिंतेस थारा देऊ नये, व नित्य शुद्ध हवेत फिरावे. मी ते सखूबाईला वाचून दाखवले. आमच्याकडे फिरायला एकच वाट होती, आणि ती स्मशानावरून जायची.

"कागुद लिवनारा कदी हितं आला व्हता का?" तिने विचारले.

"नाही."

"मंग त्याचं चित्त प्रसन्नच आसनार," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

आमची कामाची एक रीत इथे सांगायला हवी. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक कागद टांगलेला असे. त्यावर मी सकाळ, दुपार, संध्याकाळ ताप आणि नाडी लिहायचो. रोगी गेला की कागद उलटा करून टांगायचा, कोरी बाजू बाहेर. एकच्या सुमारास प्रेते स्मशानात न्यायला धोंडू आणि त्याचा जोडीदार डोली घेऊन येत. त्यांना वाचता येत नसे. कोरी बाजू दिसली की ते उचलत. रीत सोपी होती. तिचा सगळा भार कागद उलटणाऱ्या हातावर होता, एवढेच.

त्या दिवशी सकाळची फेरी मी कशीबशी उरकली. तीन रात्रींत मिळून चारेक तास झोपलो असेन. रोग्यांची नावे विचारणे मी महिन्यापूर्वीच सोडले होते; खाटेचा आकडा पुरे होई. फेरी संपवून हात धूत होतो, तर सखूबाई शेजारी येऊन उभी राहिली.

"दागतर, नवव्या खाटंवरच्या बाबाची नाडी किती लिवली?"

"शहाण्णव. का?"

"त्यो पहाटंच गेला. मी तोंडावर चादर टाकली व्हती. तुमी ती बाजूला करून नाडी बघितली."

मी जाऊन पाहिले. म्हातारा थंड होता. झाले काय, तर मी बोटांऐवजी अंगठ्याने नाडी पाहिली होती. अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते – शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हे बजावतात. शहाण्णव ठोके माझे होते. मी कागद उलटा केला.

"आज मेलेल्याला जिवंत लिहिलं," मी म्हणालो. "उद्या जिवंताला मेलेला लिहीन."

सखूबाईने चादर परत म्हाताऱ्याच्या तोंडावर ओढली. मग म्हणाली, कोठीतून कार्बॉलिकची बाटली काढून द्या. मी आत गेलो... आणि मागून कडी लागली. मग कुलूप.

"झोपा. तीन वाजता उघडीन."

"सखूबाई, दुपारची फेरी आहे."

"रोज आस्ती. झोपा."

नियम, जबाबदारी, सरकारी नोकरी यांवर मी दाराला उद्देशून बोलायला सुरुवात केली. दुसरे वाक्य पुरे झाल्याचे आठवत नाही.

तीनला दार उघडले तेव्हा सखूबाईचा चेहरा उतरला होता. "तुमी भायेर कसं आलंत? धोंडूनं तुमाला फेरी करताना बघितलं," ती म्हणाली.

मी तिच्यामागून झोपडीत गेलो. सगळ्या खाटांवर दुपारची नोंद झाली होती. अक्षर माझे. पडद्यापलीकडे पहिल्याच खाटेवर बाळकुमची एक बाई होती, मिठागरावर काम करणारी, पार्वती नावाची. तिच्या कागदावर सकाळची नोंद होती – 'नाडी लागत नाही.' तीही माझी. म्हणजे त्याच फेरीत, म्हाताऱ्यानंतर लगेच मी हा पराक्रम केला होता, कागद उलटा टांगला होता, आणि मला आठवतही नव्हते. आता कागद सुलटा होता. खाली लिहिले होते – 'नाडी मंद, पण आहे. नेऊ नये.'

मी तिचे मनगट धरले. या खेपेला बोटांनी, आणि पुरे मिनिटभर. नाडी होती.

धोंडू दारात बिडी ओढत बसला होता. "तुम्हीच तर सांगितलंत, साहेब," तो म्हणाला. "हिला उचलायला गेलो, तर म्हणालात, राहू दे, माझी चूक झाली. मी तर चाटच पडलो. साहेबलोक असं बोलत नाहीत."

कोठीची खिडकी वीतभर. किल्ली एकच, ती सखूबाईच्या पदराला. झोपेत चालण्याचे प्रकार मी वाचले आहेत. झोपेत कुलपातून जाण्याचे नाही. मी सखूबाईला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ती चिडली.

"सोडायचंच आस्तं तं कोंडलं कशाला? दाराला पाठ लावून बसलेली मी."

पार्वती आठवड्याने बोलू लागली. तिने सांगितले की डॉक्टर दुपारी आले, बराच वेळ हात धरून बसले, नाव विचारले, घरी कोण कोण आहे ते विचारले. मी सांगितले की तो मी नव्हतो. ती म्हणाली, "तुमीच व्हता. पन जरा झोप झाल्यासारखं दिसत व्हता."

त्यानंतर सखूबाई मला रोज दुपारी दोन तास कोंडू लागली. मी तक्रार केली नाही. पुन्हा कोणी माझी फेरी केली नाही, उठून मलाच करावी लागे. पार्वती दीड महिन्याने चालत बाळकुमला गेली. या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि लागला असे सांगणारा भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

महिनाअखेरीस कागद तपासणीला वर गेले. तिथून उत्तर आले. त्या दिवशीच्या दुपारच्या फेरीबद्दल समाधान व्यक्त केले होते, आणि सकाळच्या फेरीबद्दल माझी एक वर्षाची बढती रोखली होती.