वहिनीच्या रक्ताचं शून्य

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमची आई म्हणायची. खोटं नाही ते. राग आला की मी बोलते, हसू आलं की बोलते, आणि भीती वाटली की मग विचारूच नका. सध्या भीती वाटतेय. सोमवारी माझ्या वहिनीचं ऑपरेशन आहे आणि पोट उघडल्याशिवाय काय ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. घरात कुणाशी बोलावं तर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. म्हणून तुम्हाला सांगते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिच्याशी कडाडून भांडले होते, आणि भांडण संपायच्या आत तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला होता. आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं? घरात कुणी आजारी पडलं की उशाशी वहिनी. आईचे शेवटचे महिने तिनेच निभावले. दादाचा पाय मोडला तेव्हा त्याला धरून बाथरूमपर्यंत नेणारी तीच, आणि वर त्याची चिडचिड ऐकून घेणारीही तीच. तिला स्वतःला मात्र साधी सर्दी झालेली कुणी पाहिली नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणायची आणि पदर खोचून कामाला लागायची.

आम्ही दोघी एकाच इमारतीत कामाला. खाली रक्ततपासणीच्या खिडकीशी मी, दिवसभर लोकांना सुया टोचत. वर जिन्याच्या टोकाला संशोधनाची प्रयोगशाळा, तिथे वहिनी. तिथे ते लोक एक पट्टी बनवतायत, नखाएवढी. बायकांच्या अंडाशयात वाईट गाठ धरली की तिच्यातून एक प्रथिन रक्तात झिरपतं. गाठ दुखायला लागायच्या कितीतरी आधी. ते पकडायला पट्टीवर सोन्याचे कण बसवतात, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देत नाहीत. रक्ताच्या थेंबातलं प्रथिन त्या कणांवर अडकलं की यंत्रावर आकडा चढतो. मला एवढंच कळतं आणि एवढं कळलं तेच जड झालंय.

ते कण वहिनी बनवते. 'सोनं शिजवते' म्हणते ती. फिकट पिवळं पाणी उकळायचं, त्यात औषध सोडायचं, की ते आधी काळपट होतं आणि मग बघता बघता लालभडक. भांड्याला कसलाही डाग राहिला असेल तर लालाऐवजी जांभळं, मग सगळं फेकून द्या. "अंगावर गुंजभर सोनं नाही आणि हात बघा, दिवसभर सोन्यात," मी चिडवायचे. "तुमच्या भावाला सांगा की, वन्सं," ती म्हणायची.

नव्या पट्ट्या तयार झाल्या की पहिला थेंब वहिनीचा, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. निरोगी रक्त शोधायला बाहेर कशाला जायचं, घरचंच आहे की! या उन्हाळ्याच्या तोंडाला नवीन यंत्र आलं. यंत्राला आधी निरोगी रक्त दाखवावं लागतं, मग ते तिथे शून्य धरतं आणि पुढच्या सगळ्यांचं त्यावरून मोजतं. बऱ्याच जणांचं रक्त एकत्र करून हे करायचं असतं म्हणे. पण प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना घाई होती. त्यांनी मला वर बोलावलं आणि वहिनीच्या दंडातून चांगलं नळीभर रक्त काढून घेतलं. नळी माझ्या मुठीत कोमट लागत होती. ते रक्त निवळून, बारक्या कुप्यांत भरून गोठवलं. यंत्राचं शून्य म्हणजे आमची वहिनी झाली.

आणि तिथून बिनसलं. कुणाचंही रक्त लावा, आकडा शून्याच्या खाली. आता उणे आजार कधी कुणाला होतो का? खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. सोनं नीट शिजत नाही, पट्टीवर नीट बसत नाही, भांडी धुवायला येत नाहीत, काय वाटेल ते. वहिनी म्हणाली, यंत्र तपासा. त्यावर यंत्र चालवणारा माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मी तिथे नव्हते म्हणून वाचला. वहिनीने पाणी बदललं, भांडी बदलली, घासून घासून बोटांची सालं काढली. केलेल्या पट्ट्या डब्याच्या डबे कचऱ्यात गेल्या. घरी आली की बोटांना तेल चोळत बसायची. मी म्हटलं, "खड्ड्यात गेली ती नोकरी, सोडून दे." तर म्हणाली, "सोडीन. पण माझी पट्टी चुकत नाही, हे त्यांना दाखवून सोडीन."

शेवटी माझंच डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत तणतणत वर गेले आणि मॅडमसमोर बोट धरलं. म्हटलं, माझं रक्त लावा, बघू काय म्हणतं तुमचं यंत्र. माझा आकडा शून्याच्या खाली. मग त्या यंत्रवाल्याला टोचलं, जरा जोरातच. खाली. मॅडमनी स्वतःचं लावलं, तेही खाली.

"वा!" मी म्हटलं. "म्हणजे आम्ही सगळे ठणठणीत! आजारी कोण? शून्यवाली एकटी!"

सगळे खो खो हसले. काचेपलीकडे हातमोजे घालून वहिनी उभी होती, तीही हसली. मॅडम हसता हसता मध्येच थांबल्या. माझ्या तोंडून काय गेलं, ते मला कळायच्या आत त्यांना कळलं होतं.

थंड कपाटाच्या अगदी तळाशी हात घालून त्यांनी एक जुनी कुपी काढली. तीही वहिनीच्याच रक्ताची, पण मागल्या वर्षीची, उरलेली. ती वितळेपर्यंत आम्ही सगळे खुळ्यासारखे उभे. थेंब लावला. आकडा शून्याच्या खाली, आमच्यासारखाच.

मागल्या वर्षीची वहिनी आमच्यात बसत होती. या वर्षीची बसत नव्हती. म्हणजे शून्य धरलेल्या तिच्या रक्तातच ते प्रथिन होतं.

वहिनी बाहेर आली, आकडा बघितला, आणि तिला कुणी समजावायची गरज पडली नाही. इतके दिवस आपल्या पट्टीसाठी सगळ्यांशी भांडलेली ती बाई हात जोडून म्हणायला लागली, "मॅडम, माझंच चुकलं असेल. त्या दिवशी भांडं नीट धुतलं नव्हतं मी. घाईत होते. सोनंच बिघडलं असेल हो."

"नाही हो ताई," यंत्रवाला घाईघाईने म्हणाला, "सोनं चांगलं आहे. यंत्रच भिकार आहे, पहिल्या दिवसापासून सांगतोय मी." मेल्याने कधी सांगितलं होतं? पण त्या क्षणी मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. जो तो चूक आपल्या अंगावर ओढून घ्यायला बघत होता. मॅडम तेवढ्या खाली मान घालून उभ्या होत्या.

"पट्टी अजून प्रयोगातली आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यावरून मी काही सांगू शकत नाही, सांगायचा मला अधिकारही नाही. पण उद्या सकाळी सोनोग्राफी करून घ्या. उद्याच."

दादाला सांगायचं नाही, अशी वहिनीने मला शपथ घातली. सकाळी आम्ही कामाला जातो म्हणून निघालो आणि हॉस्पिटलच्या थंडगार कॉरिडॉरमध्ये जाऊन बसलो. पिशवी मांडीवर घेऊन ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला सुचेना.

"वन्सं, काहीतरी बोला ना," ती म्हणाली.

"काय बोलू गं?"

"काहीही. मॅडमना शिव्या द्या."

मग मी दिल्या. मॅडमना दिल्या, यंत्राला दिल्या, यंत्र बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना दिल्या. देता देता मीच रडायला लागले आणि तिला माझे डोळे पुसावे लागले.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघींना आत बसवलं. डाव्या अंडाशयावर गाठ होती. लहान आहे, त्या म्हणाल्या, पण दिसायला बरी नाही, लवकरात लवकर काढू. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "त्रास काय होत होता तुम्हाला?"

"काहीच नाही."

"मग तपासायला कशा आलात? इतक्या लवकर कुणी येत नाही हो."

"मी पट्टी बनवते," वहिनी म्हणाली. "माझ्या पट्टीने सांगितलं." हे बोलताना ती खुर्चीत ताठ बसली होती, आणि पुढच्याच श्वासाला तिने माझा हात असा धरला की बांगडी माझ्या मनगटात रुतली. "चुकली असती तर काय बिघडलं असतं हो, वन्सं? एकदा चुकली असती तर?"

बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमच्या दादाला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं." मी फोन लावला. दादा छापखान्यात काम करतो, मागे यंत्रांचा धडधडाट.

"कोण? मोठ्याने बोल!"

"दादा, हॉस्पिटलात ये."

"काय झालं? तुला काय झालं?"

"मला नाही."

"मग पोरांना? अगं बोल ना, कुणाला काय झालं?"

"वहिनीला!" मी ओरडले. कॉरिडॉरमधले सगळे वळून बघायला लागले.

मग दादा हसला. सुटल्यासारखा, मोकळा हसला. "हात्तिच्या! केवढं घाबरवलंस गं! तिला काय होतंय? दे तिला फोन, येताना काय आणू विचारतो."

वहिनीला सगळं ऐकू गेलं होतं. तिने माझ्या हातातून फोन घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही कामावरून बोलावून घेतलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "मलाच झालंय. मला फार भीती वाटतेय. तुम्ही या."