वैशाखातली मोजणी

भुरीबाई आमच्या गावात कापूस वेचायला आली आणि राहूनच गेली. गाव एरंडोल तालुक्यातलं, ती सातपुड्याच्या पायथ्याची. नवरा आधीच वारलेला. गिरणीजवळच्या निंबाखाली तिचं बिऱ्हाड. पाऊस लागला की मारुतीच्या ओट्यावर. देवाकडे तिचं एकच मागणं असे, आतून कडी लावता येईल असं घर.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात कोणा साहेबांच्या मनात आलं, की जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत उघड्यावर झोपणारे कुठे जास्त, ते पाहायचं. ज्या जिल्ह्याचं प्रमाण जास्त, त्याला घरकुलं जास्त. मोजणी पहाटे. झोपलेल्याला उठवायचं नाही, काही विचारायचं नाही, असा हुकूम.

आता वैशाखात खान्देशात घरात झोपतं कोण? पहाटेपर्यंत भिंती तव्यासारख्या तापलेल्या. बठ्ठं गाव, लहानथोर सगळे, खाटा टाकून गल्लीत. ग्रामसेवक गिरधर भाऊसाहेब सायकलवर आले आणि त्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. सरपंच झुलालनानांपासून आमच्यापर्यंत सगळे कागदावर बेघर लागले. मी खाटेवर जप करत जागीच होते, पण मला वाटलं, हिवतापाची फवारणी करणारे असतील.

भुरीबाई तेवढी घरात होती. शेजारच्या पुष्पाअक्कांनी पापड-कुरडया आत पसरून ठेवल्या होत्या. मांजर शिरू नये म्हणून तिला राखणीला आत निजवलं होतं. उघड्या दारातून ती भाऊसाहेबांना दिसली. साऱ्या गावात घर असलेली अशी ती एकच निघाली.

आमचा जळगाव जिल्हा जिंकला. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याचे माझे व्याही फार हळहळले. त्यांच्याकडे त्या पहाटे वळवाचा पाऊस आला होता आणि माणसं खाटा उचलून आत पळाली होती. तुम्ही नशीबवान, ते म्हणाले, आम्हाला मेल्या पावसाने घरदार दिलं.

पुढल्या वर्षी गावाबाहेर घरकुलं उभी राहिली. भाऊसाहेब किल्ल्या वाटायला आले. झुलालनानांना मिळालं, पुष्पाअक्कांना मिळालं. भुरीबाईला नाही. तुम्हाला घर आहे, भाऊसाहेब म्हणाले.

“मन्हं घर कोठे शे, ते तरी दखाडा भाऊ,” ती म्हणाली.

त्यांनी पुष्पाअक्कांचं घर दाखवलं. लिहिलेलं तेच होतं.

भुरीबाईने सरकारचा शब्द खरा मानला. गाठोडं घेऊन ती सरळ आत गेली आणि कडी लावली. अक्का बाहेर. त्यांनी दार ठोठावलं, मग भाऊसाहेबांकडे वळल्या. ते हळूच म्हणाले, अक्का, हे घर तुमचं म्हटलंत तर घरकुल परत द्यावं लागेल.

अक्का पायरीवर बसल्या. ऊन डोक्यावर आलं. गल्लीतल्या बाया गहू पाखडायचे सोडून पाहायला आल्या. चूल आत, पाण्याचे माठ आत. अक्का माझ्याकडे पाणी प्याल्या आणि पुन्हा दाराशी जाऊन बसल्या. शेवटी दाराला तोंड लावून म्हणाल्या,

“भुरी, ते घरकुल तू ले. हाई मन्हं माले दे.”

भुरीबाईने आतून विचारलं, “त्याले आतून कडी शे का?”

“माले ठाऊक नही.”

“मंग देखी या.”

अक्का भर उन्हात पदर डोक्यावर ओढून बघायला गेल्या. सरकारने कुलपाला कोयंडा बाहेरून दिला होता, आतून काहीच नव्हतं. तशाच त्या सुताराकडे वळल्या.