क्लचवरचा ठोकळा

माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात देखणी गाडी कोणती, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. उत्तर आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बर्फवाल्या काकांची पिकअप. पन्नाशी उलटलेली गाडी, पण रंग असा की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. ती त्यांच्या दारात उभी असते. काका तिच्यावर रोज फडकं मारतात. चालवत मात्र नाहीत, आणि त्याला कारण मी आहे.

काकांनी पस्तीस वर्षं बर्फ वाहिला. कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुशात घालायच्या, वर गोणपाट टाकायचं आणि वितळायच्या आत मासळीवाले, सरबतवाले, हॉटेलवाले गाठायचे. त्यांचे हात बारा महिने गार. तरुणपणी एक लादी घसरून त्यांच्या डाव्या पायावर आली. हाड जुळलं, पण पाय चार बोटं आखूड राहिला. रस्त्याने जाताना काका भिंतीच्या कडेकडेने चालत, आणि कुणी सोबतीला आलं की काहीतरी निमित्त काढून मागे राहत. गाडीत बसले की मात्र बघावं. कोपर खिडकीबाहेर, मान ताठ. अरुंद बोळातून गाडी उलटी काढावी तर त्यांनीच. गाडीत ते लंगडत नव्हते. एवढी साधी गोष्ट मला वीस वर्षांत कळली नाही, आणि लोक मला गाड्यांचा डॉक्टर म्हणतात.

बर्फाचं काम सुटल्यावर गाडी दोन वर्षं नुसती पडून होती. मग एक दिवस ती दोरीने ओढवून घेऊन काका माझ्या गॅरेजात आले.

"इंजिन चालू कर आणि ब्रेक लागू देत," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नकोस. तुझ्या काकूला शेजारी बसवून एक चक्कर मारायचीय. जन्मभर तिच्या जागेवर ओलं गोणपाट बसलं."

मला वाटलं, म्हातारा खर्चाला घाबरतोय.

"बाकीचं माझ्यातर्फे, काका. हौस म्हणून करतो."

"अरे, पण ऐक तर."

"पण नाही नि बिण नाही. तुम्ही फक्त बघत राहा."

फुकट करणाऱ्याला नको कसं म्हणायचं? काकांनी चावी माझ्या हातावर ठेवली. तेव्हा मला तो माझ्या मोठेपणाचा विजय वाटला होता.

ती गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. पार्ट मिळायचे ते भंगारातच. चार महिने मी एकही रविवार घरी काढला नाही. एका हेडलाइटची काच मला एका बाईच्या खुराड्यात सापडली, कोंबड्या तिच्यात पाणी पीत होत्या. बाई म्हणाली, "काच न्या, पण कोंबड्यांना वाडगा आणून द्या." दिला. दाराच्या बिजागऱ्या एका शेताच्या फाटकाला लागलेल्या निघाल्या. लेथवाल्या टर्नरकडून नवा करून घेतलेला पार्ट मला चालत नव्हता. दुधाची तहान ताकावर भागवणाऱ्यांतला मी नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत होतो. बायको म्हणाली, "गाडी काकांची आहे ना? मग एकदा त्यांना तरी विचारा." मी म्हणालो, "त्यांना यातलं काय कळतंय."

क्लचच्या पेडलवर एक लाकडी ठोकळा बोल्ट मारून बसवलेला होता. वर टायरचा तुकडा ठोकलेला, मधोमध बुटाच्या आकाराचा खळगा पडलेला. सीटखालीही फळ्या घालून ती पुढे सरकवलेली. हा कुठल्या गाढवाचा जुगाड, असं म्हणत मी सगळं उपटलं. ठोकळा पार्ट धुवायचं पाणी तापवताना जाळला. सीट कंपनीने दिली होती त्या जागी नेली. अस्सल पेडल शोधायला तीन गावं पालथी घातली आणि मिळालं तेव्हा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत बसलो. काका अधूनमधून लंगडत येत, दारातूनच बघत आणि परत जात. त्यांचा पाय मला रोज दिसत होता. पाहिला मात्र नाही.

गाडी द्यायच्या दिवशी मी सगळी गल्ली गोळा केली. काका इस्त्रीच्या सदऱ्यात आले. काकू ठेवणीतलं नेसून आल्या आणि लग्नात बसावं तशा शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. काकांनी आत चढून स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग त्यांनी खाली पाहिलं, आणि मग माझ्याकडे. रागाने नाही. चूक त्यांचीच असावी तसं.

चावी फिरवून त्यांनी क्लच दाबायला पाय लांब केला. नुसता चवडा टेकला. ते सीटच्या कडेवर सरकले, स्टिअरिंगला लोंबकळले, पेडल अर्धं खाली गेलं. गिअर टाकला तशी दात खरवडल्याचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच आवाज.

"काय काका, गाडी चालवायची विसरलात काय?" किराणावाला म्हणाला. सगळे हसले.

"हो रे, वय झालं आता," काकाही हसत म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निदान तेव्हा तरी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण उंटावरचा शहाणा गप्प कसला बसतो?

"काका, थांबा," मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो. "तुमच्या पायाचं माप घेतो. परत ठोकळा लावून देतो."

हसणं थांबलं. चाळीस माणसांनी एकाच वेळी त्यांच्या पायाकडे पाहिलं. जो पाय त्यांनी जन्मभर भिंतीच्या आडोशाने नेला, तो मी चौकात मांडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही हे लिहिताना कान तापतात.

"राहू दे," काका म्हणाले. "तू एवढं केलंस. छान दिसतेय. तूच सोड आम्हाला घरी."

इंजिन बंद करून ते उतरले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे दाराशी उभे राहून ते खिट्टी चाचपडत राहिले. कुठे दाबायचं ते त्यांना कळेना. इतक्या वर्षांत त्या बाजूने ते कधी चढलेच नव्हते. शेवटी काकूंनी आतून दार उघडलं आणि मध्ये सरकून त्यांना जागा करून दिली.

मी त्यांच्या जागेवर बसलो. माझे पाय पेडलपर्यंत नीट पोचत होते. मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि ती बंद पडावी असं मला या धंद्यात पहिल्यांदाच वाटलं.