डाग कुठे आहे

इस्पितळांच्या प्रयोगशाळांमधून सूक्ष्मदर्शक दुरुस्त करत हिंडायचा म्हणून त्याला सगळे भिंगवाला म्हणत. पण या धंद्याला त्याला लावलं ते थोरल्या बहिणीनं. ताई थुंकीच्या काचपट्ट्यांवर क्षयाचे जंतू शोधायची, तीस वर्षं, एकाच टेबलाशी, एकाच डोळ्याच्या जुन्या यंत्रावर. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळा कारभार उजव्यावर.

यंत्र तिनंच त्याला शिकवलं. खालचा आरसा उजेड वर फेकतो, मंचाखालचं भिंग तो गोळा करून काचपट्टीतून पाठवतं. काचपट्टीला जवळजवळ टेकलेलं वस्तुभिंग मोठी प्रतिमा करतं, नेत्रभिंग ती आणखी मोठी करून डोळ्यात सोडतं. डाग दिसला तर एकेक भाग हलवायचा. ज्याच्याबरोबर डाग हलेल, घाण त्याच्यावर. नवशिक्या मुली यंत्राला नावं ठेवू लागल्या की ताई म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं.

तीन महिन्यांपूर्वी तिनंच त्याला बोलावलं. मधोमध राखाडी डाग दिसतो म्हणाली. त्यानं नेत्रभिंग फिरवलं, काचपट्टी सरकवली, वस्तुभिंग बदललं, आरसा पुसला. त्याला डाग दिसेना. तिला दर वेळी दिसे आणि जागचा हलत नसे. बोलता बोलता ती म्हणाली, हल्ली वर्तमानपत्रं छापतातच वाईट, मधली अक्षरं खातात.

भिंगवाल्याला कळलं, डाग ताईच्या डोळ्यात आहे. सांगावं तर ताईचं टेबल जाणार, न सांगावं तर जंतू त्या डागाआड राहणार. तिच्या निवृत्तीला आठच महिने उरलेले, आणि त्या टेबलाखेरीज तिला घर ना दार. त्याची जीभ रेटेना. काचपट्टीवर घालतात ते तेल वस्तुभिंगावर वाळलंय, थोडं आत मुरलंय, असं त्यानं ठोकून दिलं. डागाच्या कडेकडेनं बघत जा, असा शहाणपणाचा सल्लाही दिला. पाठच्या भावाचा शब्द, स्वतःचाच नियम बाजूला ठेवून तिनं खरा मानला.

आज मोठ्या डॉक्टरांनी बोलावणं धाडलं. ताईनं ‘जंतू नाहीत’ म्हणून लिहिलेल्या चार पट्ट्यांवर त्यांना दुसऱ्या यंत्राखाली जंतू सापडले होते. यंत्रात खोट आहे की नाही, एवढं लिहून द्या, म्हणाले. ताई निर्धास्त होती. भिंगात तेल गेलंय हे माझा भाऊच सांगेल, असं ती त्यांना आधीच सांगून बसली होती.

त्यानं सगळे भाग पुन्हा तपासले, उगाच, वेळ काढायला. मग लिहिलं, ‘यंत्रात दोष नाही.’

ताईनं कागद डोळ्यासमोर धरला, मान तिरकी करून वाचला.

“मग त्या वेळी काय होतं रे?”

“भिंगावर काही नव्हतं, ताई.”

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.”

त्यानं मान डोलावली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं चारांतली एक काचपट्टी उचलली, कडेवरचा आकडा बोटानं चाचपला.

“ही बाई गेल्या महिन्यात गेली,” ती म्हणाली. “सोमवारी तिचा नवरा दोन्ही मुलांना घेऊन आला होता. त्यांच्याही पट्ट्या मीच बघितल्या. कडेकडेनं. काही नाही म्हणून तिघांना घरी पाठवलं.”