लाल कोळ्यांची झोप

सकाळचे साडेआठ. परभणी, एका शेतकी प्रयोगशाळेचा व्हरांडा. समोर बंद खोली, आणि माझा कॅमेरा शिपाई गंगाधरमामांच्या ताब्यात! बातमीदारीत भांडणांच्या फाइली रद्दीत जातात, किस्से मात्र साचत राहतात. या एका खोलीचे तर फारच साचलेत.

आत थंड मुलखातून आणलेले लाल कोळी होते. पिकाचा रस शोषणारे, टाचणीच्या टोकाएवढे. दिवस लहान झाले की त्यांच्या माद्या शेंदरी होतात. खाणं बंद, अंडी बंद, हिवाळाभर झोप. कोणत्या रंगाचा, किती उजेड ही झोप मोडतो, यावर चुडावा गावच्या वर्षा नावाच्या मुलीची पीएच.डी. चालली होती.

"फ्लॅश उडाला की लेकरं जागी होतील," मामा म्हणाले.

"अहो, मग बातमी कशी देऊ?"

"झोपलेल्याची कसली बातमी, साहेब? जागे हायत त्यांची छापा की!"

*

तांबडा उजेड कोळ्यांना अंधारासारखाच. म्हणून मामांच्या टॉर्चला लाल जिलेटिन पेपर. एकदा घरची लाइट गेली, तर मामा तीच टॉर्च घेऊन जेवायला बसले. मामी कडाडल्या, "पांढरा उजेड पाडा की! मी काय झोपायलेय?"

*

मग नवा स्टॅबिलायझर आला. त्याचा निळा इंडिकेटर दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा. पण निळा उजेड तेवढाही पुरतो! कोळ्यांची अख्खी बॅच जागी राहिली. वर्षा जिन्यात डोकं धरून बसली. दुसऱ्या दिवशी मामांनी मामींच्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि खोलीतल्या प्रत्येक इंडिकेटरवर एकेक टिकली लावली.

"मामा, मशिनी सवाष्ण झाल्या की!"

"झाल्या ना? आता तुमी डॉक्टर व्हा, ताई!"

*

शेवटची बॅच. वर्षाची फेलोशिप त्याच महिन्यात संपणार होती. ही बॅच गेली की डिग्री गेली. मामा नातीच्या बारशाला गंगाखेडला गेलेले. शनिवारी कुणी पाहुणे आले, ऑफिसातून किल्ली घेतली, फोटो काढले आणि निघून गेले. सोमवारी सकाळी वर्षानं दार उघडलं, तर ट्यूबलाइट लख्ख चालू!

मला फोन आला. मी तडक जाऊन प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर उभा राहिलो. "दिवा कुणी लावला? नाव सांगा!"

"चौकशी करतो." ती अजून चालूच आहे.

खोलीपाशी आलो, तर वर्षा अजून दारातच, आणि ट्यूब तशीच चालू. आत कोळ्यांच्या सगळ्या ट्रेवर एक मोठं घमेलं पालथं घातलेलं. तिनं ट्यूब बंद केली, लाल टॉर्च लावली आणि घमेलं हळूच उचललं. बऱ्याच वेळानं सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून कुजबुजली, "काका, झोपलेत. सगळे."

मामांना फोन लावला. ते म्हणाले, "घमेलं? आपल्याकडं कुठं हाय घमेलं?"

घमेल्याला गिलाव्याचा ओला माल लागलेला होता. त्या महिन्यात त्या आवारात कुठलंही बांधकाम चालू नव्हतं.